रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर?

हल्ली घरांत कोणास चार दिवस ताप आला कीं रक्ततपासणीचा कागद येतो, आणि पांढऱ्या पेशींच्या आंकड्यापुढें खालीं वळलेला बाण दिसतांच सर्व कुटुंब चिंतामग्न होतें. ‘३,२००’ हा आंकडा वाचून एकदम कर्करोगाची शंका घेणारी मंडळी आमच्या सोलापुरांतहि थोडी नाहींत. वास्तविक हा कांहीं रोग नव्हे. तें केवळ एक लक्षण होय.

प्रौढ मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत साधारणतः ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात. हें शरीराचें सैन्य खरें, परंतु त्यांत पथकें अनेक. जंतूंवर प्रथम तुटून पडतें तें ‘न्यूट्रोफिल’ हें पथक. म्हणून एकूण संख्येपेक्षां त्याची संख्या पाहावी. ३,२०० पैकीं शेंकडा ५५ न्यूट्रोफिल असले तर ते १,७६० झाले. १,५०० च्या वर सहसा भय नसतें. ५०० च्या खालीं संख्या गेली आणि ताप आला तर मात्र सकाळची वाट न पाहतां रात्रींच रुग्णालय गांठावें.

डेंग्यू व विषमज्वर यांत ही संख्या उतरते, आणि बरें वाटल्यावर बहुधा आपोआप चढते. कर्करोगावरील औषधांनीं, क्वचित् थायरॉइडवरील कार्बिमाझोलनेंहि ती घटते. हें औषध घेणाराचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

आपल्या शाकाहारी घरांनीं विशेष लक्ष द्यावें असें कारण निराळेंच आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गरीब गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं हाफकिन संस्थेंत अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढें ओळखलें गेलेलें फोलिक आम्ल. नवी पेशी घडण्यास तें व ब-१२ जीवनसत्त्व दोन्हीं लागतात; त्यांच्या अभावीं अस्थिमज्जेंत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्याहि कमी तयार होतात.

फोलिक आम्ल पालेभाज्यांत आहे, जरी आपण ती शिजवून शिजवून त्यांतील बरेंचसें घालवितों. ब-१२ मात्र ज्वारीच्या भाकरींत नाहीं, शेंगांच्या चटणींत नाहीं. शाकाहाऱ्यास तें दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचें. आणि घरांतील दूध मुलांस व पुरुषांस वाढून झाल्यावर सासूबाईंच्या वांट्यास किती उरतें, हें ज्यानें त्यानें आपल्या स्वयंपाकघरांत पाहावें! त्यांच्या पायांस मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर वार्धक्य म्हणून सोडूं नये. ब-१२ ची तपासणी करवावी. नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्या मनानें देऊं नयेत. त्यांनीं रक्ताचा कागद सुधारतो, पण ब-१२ ची उणीव तशीच राहून मज्जातंतूंची हानि आंतून चालूच राहते.

योग्य उपचार सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी एक-दोन आठवड्यांत वाढूं लागतात. पायांच्या मुंग्या जावयास मात्र महिने लागतात, आणि फार उशीर झाला असल्यास त्या पूर्ण जातहि नाहींत.