लाडवातील नाणे

सणाच्या पक्वान्नात एखादी वस्तू दडवून ते वाटण्याची प्रथा मुख्यतः युरोपातील केकमुळे प्रसिद्ध असली, तरी अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी घरांतही मकर संक्रांतीच्या गुप्तदानात, म्हणजे तिळाच्या लाडवात नाणे घालून वाच्यता न करता दिलेल्या दानात, तिचे वेगळे रूप आढळते. चिकीच्या गुळाच्या पाकात भाजलेले तीळ घातल्यावर मिश्रण गरम असतानाच लाडू वळावे लागतात आणि त्याच वेळी मधोमध नाणे दाबले जाते. लाडू निवून कडक झाला की बाहेरून काहीच ओळखू येत नाही. घेणाऱ्याला तो फोडेपर्यंत रक्कम कळत नाही आणि देणाऱ्याला ती मिरवता येत नाही. दानाचा गाजावाजा केल्यास पुण्य उणावते, ही धारणा येथे कृतीत उतरते.

कार्तिक शुद्ध नवमीला, म्हणजे कूष्मांड नवमीला, कोहळ्यात सोने, चांदी किंवा नाणे ठेवून तो दान देण्याची रूढीही याच जातीची आहे. चतुर्थीच्या व्रतात मात्र काही घरांत 21 मोदकांपैकी एक मिठाचा करतात आणि तो तोंडात आला की व्रतस्थाने जेवण थांबवावे, असा नियम असतो. म्हणजे येथे दडवलेला जिन्नस संयमाची मर्यादा ठरवतो.

फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या सुमारास, बाल येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणानिमित्त, पापुद्र्यांचा केक करतात; त्यात पूर्वी वालासारखा दाणा असे, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी मातीची चिमुकली मूर्ती आली, आणि ती ज्याच्या वाट्याला येते तो त्या दिवसाचा राजा ठरतो. वाटणीत पक्षपात नको म्हणून घरातील सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाचा ते सांगते. इंग्लंडात नाताळच्या पुडिंगमधील चांदीचे नाणे असेच शुभ मानले जाई. ग्रीसमध्ये 1 जानेवारीला ‘वासिलोपिता’ या केकमध्ये नाणे घालतात आणि त्याचा एक तुकडा गरिबांसाठी राखण्याची चाल आहे. चौथ्या शतकातील बिशप संत बेसिल यांनी लोकांचे दागिने पावांत भाजून परत केले, अशी तिची आख्यायिका आहे.

युरोपातील दाणा अनेकांतून एक भाग्यवान निवडतो, तर वऱ्हाडातील नाणे देणाऱ्याचा मोठेपणा झाकते. या दोन्हींमध्ये ग्रीक प्रथा उभी आहे, कारण तिच्यात नशीब आणि दान एकत्र येतात. मात्र नाणे दाताखाली आल्यास इजा होते आणि लहान मुलाच्या घशात अडकू शकते. म्हणून नाणे उकळत्या पाण्यातून काढावे, लाडू मोठा वळावा आणि तो फोडूनच खाण्यास सांगावे. गुप्त राहायची असते ती रक्कम, नाणे आहे ही गोष्ट नव्हे.