जुने इंजिन, नवी आज्ञा

श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक रेल्वेच्या दप्तरी बेलापूर या नावाने नोंदलेले आहे, आणि बाहेरगावचा पाहुणा तिकीट काढताना हमखास गोंधळतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. आमच्या गावाची भरभराट त्यानंतर, प्रवरेच्या कालव्यांमुळे आणि साखर कारखानदारीमुळे झाली. अशा गावातील वसतिगृहाच्या मुलांना रेल्वेचे वेड असणारच. म्हणून एका माजी विद्यार्थ्याने दिलेली दोन जुनी छोटी इंजिने विज्ञान कक्षात आली, तेव्हा अभ्यासिकेची शिस्त आठवडाभर मोडली. पुण्यातील कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय काही मुलांनी पाहिले होते. आपलीही इंजिने तशी धावावीत, हा त्यांचा आग्रह होता.

अडचण जुन्या पद्धतीतच होती. तिच्यात रुळांना शून्य ते बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह देतात. दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण बाजू उलटवल्या की इंजिन मागे फिरते. साहजिकच एका रुळावरील दोन्ही इंजिने एकाच आज्ञेत चालतात. डिजिटल पद्धतीत रुळांवरचा दाब कायम असतो, मात्र त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. या बदलांच्या लांबीतच संदेश दडलेला असतो : ५८ मायक्रोसेकंदांचे दोन आखूड ठोके म्हणजे १, शंभर किंवा अधिक मायक्रोसेकंदांचे दोन लांब ठोके म्हणजे ०. प्रत्येक संदेशात इंजिनाचा क्रमांक असतो. इंजिनात बसवलेला डीकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा ऐकतो आणि मोटर चालवतो. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या या रचनेवर आधारलेली मानके अमेरिकेतील छंदप्रेमींच्या राष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकात स्वीकारली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने एका रुळावर नांदू शकतात.

डीकोडर बसवणे वरवर सोपे दिसते. लाल आणि काळी तार रुळांकडून येणाऱ्या विजेसाठी, नारिंगी आणि करडी मोटरसाठी, पांढरी, पिवळी आणि निळी दिव्यांसाठी. आम्हीही तसेच समजलो. वर्गणीतून घेतलेला पहिला डीकोडर आम्ही घाईने जोडला, कळ दाबली, आणि क्षणात जळका वास सुटला. मुले काही बोलली नाहीत. ते मौन आम्हाला बोलण्यापेक्षा जड गेले.

दोष नववीतील एका मुलीने शोधला. तिने मल्टिमीटरचे एक टोक मोटरच्या ब्रशला आणि दुसरे धातूच्या सांगाड्याला लावले, तेव्हा मीटर वाजला. जुन्या इंजिनांत तार वाचवण्यासाठी मोटरचे एक टोक बहुधा सांगाड्यालाच जोडलेले असते आणि सांगाडा एका बाजूच्या चाकांमार्फत रुळाला. त्यामुळे रुळांवरील वीज थेट डीकोडरच्या मोटरकडील बाजूत शिरली होती. तेव्हा पहिला नियम हा : मोटरची दोन्ही टोके सांगाड्यापासून आणि रुळांपासून पूर्ण अलग झाल्याची खात्री केल्याशिवाय डीकोडरला हात लावू नये. आम्ही ब्रशभोवती विद्युतरोधक नळी बसवली, मोटरखाली उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली आणि सर्व जोड पुन्हा तपासले.

दुसरे पथ्य प्रवाहाचे. बारा व्होल्ट देऊन मोटर क्षणभर धरून ठेवायची आणि ती किती अँपिअर खाते ते मोजायचे. हा आकडा डीकोडरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. ब्रश झिजलेले, वंगण वाळलेले असेल तर तो फुगतो. म्हणून आधी साफसफाई.

दुसऱ्या डीकोडरसाठी पैसे जमायला दोन महिने लागले. या वेळी प्रथम मर्यादित प्रवाहाच्या वेगळ्या रुळावर चाचणी घेतली. नव्या डीकोडरचा क्रमांक ३ असतो. मुलांनी तो बदलून ७८ केला, १८७८ ची आठवण म्हणून. इंजिन गोगलगाईच्या गतीने निघाले आणि आज्ञा मिळताच थांबले.

दुसरे इंजिन अजून कपाटातच आहे. त्याची मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह खाते, आणि न बदललेले इंजिन डिजिटल रुळावर ठेवले तर ते गुणगुणत तापते. त्यासाठी नवी मोटर लागेल. जळालेला डीकोडर त्याच कपाटात, काचेच्या डबीत ठेवला आहे.