बंद घरातला साग

विजयदुर्गाजवळ, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावात मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहायला मिळते. या किनाऱ्यावरची जहाजबांधणी ज्या लाकडाने पेलली, ते साग. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. दोनशे वर्षे पाण्यात टिकलेले हे लाकूड मालवण-वेंगुर्ल्याच्या माजघरातल्या कपाटात एका पिढीत का बिघडते? याचे बरेचसे उत्तर आपण घर कसे बंद करतो, त्यात आहे.

सागाच्या गाभ्यात तेल असते आणि बुरशीला, वाळवीला रोखणारी नैसर्गिक द्रव्येही असतात. ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागात ते खूप जास्त टिकतात. पण हे सारे गुण गाभ्याचे. सालीलगतच्या फिक्या लाकडाला ते लाभत नाहीत आणि लागवडीतल्या कोवळ्या झाडात असे लाकूड अधिक निघते. म्हणून खरेदी करताना कपाटाची मागची बाजू आणि खुर्चीच्या पायांची आतली कड आधी पाहावी. फिकी पट्टी दिसली, तर कीड तिथूनच शिरणार.

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर जातो आणि लाकूड तो शोषून घेते. ओलाव्यात पाच टक्क्यांची वाढ झाली, की ६० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी साधारण सहा मिलिमीटर फुगते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. जाणते सुतार म्हणूनच चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवतात. ती खिळ्यांनी किंवा सरसाने जखडली, तर पावसाळ्यात सांधे उसवतात आणि उन्हाळ्यात फळी तडकते.

चाकरमान्यांच्या घरांचे दुखणे इथेच सुरू होते. मे महिन्यात कुलूप लागते आणि दार उघडते ते थेट गणपतीला. मधल्या काळात कोंडलेल्या हवेत कपाटावर बुरशीचा पांढरा थर चढतो. ती पोसली जाते धुळीवर, हातांच्या तेलकटपणावर आणि हौसेने चोळलेल्या खोबरेल तेलावर, कारण खोबरेल कधी सुकत नाही. मग आरतीच्या आधी ओले फडके फिरते आणि घाईघाईने पॉलिश मारले जाते. लाकूड सर्वांत ओले असते ते तेव्हाच. वरचा थर ओलावा आत कोंडतो आणि लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते.

चतुर्थीला करायचे ते इतकेच: खिडक्या उघडाव्यात, बुरशी कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पायांखाली दगडाचे तुकडे सरकवावेत. फुगलेले खण रंध्याने तासू नयेत, हिवाळ्यात ते आपोआप बसतात. ओले फर्निचर कडक उन्हातही ठेवू नये, वरचा भाग आधी आकसून चिरा पडतात.

पॉलिशचा हंगाम शिमग्याचा. तेव्हाही चाकरमानी गावात असतात आणि लाकूड सुकलेले असते. बारीक पॉलिश कागदाने घासून आधी स्पिरिटचे फडके फिरवावे, कारण सागाचे स्वतःचे तेल पॉलिशला धरू देत नाही. मग लाखेचे पातळ हात द्यावेत किंवा जवसाचे तेल चोळून उरलेले पुसून काढावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत. फिक्या लाकडातून भुकटी पडत असेल, तर पॉलिशआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी उघड्या लाकडावर लावावे. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना आणि वाशांना उत्तम, पण ते काळे पडते आणि कातडीला भाजते. बसायच्या खुर्चीवर ते नको.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बंद घरात हवा खेळवणे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उघडीप पाहून, शेजारच्या काकींनी किंवा वाडीतल्या एखाद्या मुलाने दारे-खिडक्या तासभर उघडाव्यात आणि कपाटांची दारेही. किल्ली गावात ठेवावी, आणि हे काम कुणावर तरी मोबदला देऊन सोपवावे. मुंबईहून पॉलिशवाला नेण्यापेक्षा हा खर्च कमी आहे, आणि आजोबांचे कपाट नातवापर्यंत पोचवण्याची खात्री कितीतरी जास्त.