क्रूझ मधल्या बंदरावर सोडताना
समुद्रपर्यटन अर्ध्यावर सोडणे बसच्या आधीच्या थांब्यावर उतरण्याइतके सोपे नसते. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला तेथील एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी पोहोचवता येत नाहीत. सिएटलहून निघून, वाटेत कॅनडाचे बंदर घेऊन सिएटललाच परतणारी अलास्काची सफर चालते. मात्र प्रवासी अलास्कातील जुनो येथेच उतरून राहिला, तर कायदाभंग ठरतो. दंड जहाज कंपनीला होतो. ती तो सहसा प्रवाशाकडूनच वसूल करते. कॅनडातील व्हिक्टोरियाला उतरल्यास हा कायदा आड येत नाही; पण भारतीय पारपत्रधारकाला कॅनडाचा व्हिसा लागतो. म्हणून घरी आकस्मिक प्रसंग ओढवला, तरी परस्पर न उतरता आधी जहाजावरील अधिकाऱ्यांना कळवावे.