समजून घ्या : परग्रहावरचा सिग्नल की आपलाच गोंगाट? माळशेजपलीकडच्या दुर्बिणीची गोष्ट

मुरबाडहून माळशेजकडे निघालं की टोकावडे मागे पडतं आणि घाटात मोबाइलची रेंज जाऊ-येऊ लागते. आपल्याला तो वैताग वाटतो. पण घाट चढून ओतूरमार्गे नारायणगावजवळच्या खोडदला पोहोचलं, की गणित उलटं होतं. तिथल्या यंत्रणेसाठी मोबाइलचा सिग्नल हाच वैताग असतो. कारण तिथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांची खरी कसोटी कुठे लागते, हे समजून घ्यायला मुरबाडकरांसाठी याहून जवळचं उदाहरण नाही.

जीएमआरटी नेमकं करतं काय?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यापैकी १४ मध्यभागी, तर उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन दिशांना. या सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण असल्यासारखं काम करतात. हायड्रोजन वायू, पल्सार तारे आणि दूरच्या दीर्घिका यांचा अभ्यास हे तिचं मुख्य काम. परग्रहवासी शोधण्यासाठी ती बांधलेली नाही. तरीही या शोधातल्या एका प्रसंगाची ती साक्षीदार आहे.

मंगळाचा आणि खोडदचा संबंध काय?

युरोप आणि रशियाची ‘एक्सोमार्स’ मोहीम मंगळावरच्या जीवसृष्टीच्या खुणा शोधण्यासाठी आखली होती. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी या मोहिमेतलं ‘स्कियापरेली’ हे चाचणी यान मंगळावर उतरणार होतं. त्याचा ट्रान्समीटर यानाशी संपर्क ठेवण्यापुरताच होता, थेट पृथ्वीशी बोलण्यासाठी नव्हताच. तरीही सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून आलेला तो क्षीण सिग्नल खोडदच्या अँटेनांनी पकडला. सिग्नल इथे पोहोचायला जवळपास १० मिनिटं लागत होती. उतरण्याच्या नियोजित वेळेच्या थोडं आधी तो अचानक थांबला. यान कोसळल्याचं नंतर स्पष्ट झालं. सेन्सरच्या चुकीच्या मापनामुळे आपण जमिनीवर पोहोचलो, असा समज यानाच्या संगणकाने करून घेतला होता. प्रत्यक्षात ते काही किलोमीटर उंचीवर होतं.

मग परग्रहावरचा सिग्नल ओळखणं सोपं का नाही?

स्कियापरेलीचा सिग्नल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आणि कधी येणार, हे आधीच माहीत होतं. अनोळखी सिग्नलबाबत यातलं काहीच माहीत नसतं. १९६० मध्ये अमेरिकेच्या फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे अँटेना वळवून असा शोध सुरू केला. तेव्हापासून सर्वांत मोठी अडचण एकच आहे : आलेला सिग्नल आपलाच तर नाही ना?

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला अनेक वर्षं काही विचित्र सिग्नल मिळत होते. चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडल्याने ते येत असल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये याच दुर्बिणीने ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी’ या शेजारच्या ताऱ्याच्या दिशेकडून एक सिग्नल नोंदवला. २०२१ मध्ये तोही मानवनिर्मित उपकरणांचाच असल्याचं स्पष्ट झालं.

ही शहानिशा कशी होते? दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला वळवली की खरा सिग्नल गायब व्हायला हवा. तो तरीही येत राहिला, तर उगम इथलाच. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने अवकाशातून येणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते. विखुरलेल्या अँटेनांचाही उपयोग होतो. आकाशातला सिग्नल सगळ्यांकडे ठरावीक वेळेच्या फरकाने पोहोचतो, एखाद्या गावातला गोंगाट मात्र तसा पोहोचत नाही.

नारळीकरांच्या बलूनला काय सापडलं?

‘आपलंच तर नाही ना?’ हा प्रश्न रेडिओपुरता नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारातून २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या सहकार्याने बलून सोडण्यात आले. सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांमध्ये गोळा करण्यात आली. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येतात का, हे त्यातून तपासायचं होतं. २००५ च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाली. जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचं इस्रोने २००९ मध्ये जाहीर केलं. त्यांना फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून नावं देण्यात आली.

पण हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत, असं सिद्ध होत नसल्याचंही त्याच वेळी सांगण्यात आलं. पुढे आर्यभटांचं नाव मिळालेला जीवाणू पृथ्वीवरच्या मातीत, झाडांच्या मुळांपाशीही आढळला. म्हणजे तो इथूनच वर गेला असण्याची शक्यता ठळक झाली. प्रयोग फसला का? नाही. इतक्या उंचीवरच्या हवेतही जीवाणू आढळतात, हे त्यातून दिसलं. नारळीकर यांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून खुला आहे.

सध्या सर्वाधिक चर्चा कशाची?

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ‘के२-१८बी’ ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारख्या वायूची चिन्हं दिसल्याचा दावा केला. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपासून तयार होतो. मात्र इतर गटांनी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने मंगळावरच्या एका खडकातल्या ठिपक्यांविषयी माहिती दिली. सूक्ष्मजीवांमुळे असे ठिपके पडू शकतात, पण निव्वळ रासायनिक प्रक्रियेनेही पडू शकतात. म्हणून इथेही शब्द वापरला गेला तो ‘संभाव्य’.

याचा आपल्याशी काय संबंध?

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे अडला. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे रेडिओ लहरींचा गोंगाट होतो, हा त्यामागचा आक्षेप. रेल्वे मंत्रालयाने पर्यायी मार्गाचा विचार सुरू केल्यावर जुन्नर परिसरातून नाराजी उमटली. ती समजण्यासारखी आहे. कल्याणपुढे रेल्वेसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या मुरबाडकरांना तर ती वेगळी समजावून सांगायला नको.

पण दुसरी बाजूही खरी आहे. चंद्रावर एखादा मोबाइल सुरू केला, तर रेडिओ दुर्बिणींना तो आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक दिसेल, इतके खगोलीय सिग्नल क्षीण असतात. जीएमआरटीसाठी जागा निवडताना रेडिओ शांतता हा मोठा निकष होता आणि भोवतीचे डोंगर ती राखायला मदत करतात. एकदा गमावलेली शांतता पुन्हा मिळवणं कठीण असतं. रेल्वेचा मार्ग ठरवताना म्हणूनच दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा लागेल.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण जवळून पाहता येते. मुरबाडहून गाडीने दोन-अडीच तासांचा रस्ता. मुलांना न्यायला हरकत नाही. फक्त तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगितलं, तर तो का, हे त्यांना वाटेत घाटातच समजावून सांगा.