सर्व्हिस बुक : मोटारीचे पासबुक

सन २०२४ च्या पावसाळ्यात नोएडा येथील आमच्या शाखेत एक मराठी अभियंता जुन्या स्पोर्ट्स कारसाठी कर्ज मागावयास आले. मूळचे नाशिकचे, नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेले. मोटार दोन आसनांची, जर्मन बनावटीची, २०१५ साली दिल्लीत नोंदलेली. किंमत २४ लाख रुपये आणि चाल अवघी २२,००० किलोमीटर. “साहेब, नऊ वर्षांत एवढीच चालली आहे, म्हणजे जवळजवळ नवीच!” त्यांच्या स्वरात आनंद होता. मूल्यांकन अहवालही अनुकूल होता. मी त्यांच्याकडे सर्व्हिस बुक मागितले.

खातेदाराची पत पाहताना आम्ही केवळ शेवटची शिल्लक पाहत नाही; पासबुकातील नोंदींमधील अंतर पाहतो. सर्व्हिस बुकही त्याच नजरेने वाचावयाचे असते. शिक्के किती आहेत यापेक्षा दोन शिक्क्यांमध्ये किती काळ गेला, हा प्रश्न महत्त्वाचा. या मोटारीच्या पुस्तकात मार्च २०१९ पर्यंत दरवर्षी एक नोंद होती. त्या वेळची चाल १६,४०० किलोमीटर. त्यापुढील नोंद थेट ऑगस्ट २०२२ ची, १७,९०० किलोमीटरवर. म्हणजे साडेतीन वर्षांत मोटार जेमतेम दीड हजार किलोमीटर चालली आणि त्या काळात तिला कोणी हात लावल्याची खूण नव्हती.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज आडवा येतो. मोटार चालली नाही म्हणजे झिजली नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इंजिनातील तेल उभ्या मोटारीतही जुने होते, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, रबरी नळ्या आणि सील कडक होऊन तडकतात. दिल्ली परिसरातील उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेथे ही क्रिया अधिकच वेगाने होते. म्हणूनच उत्पादक सर्व्हिसची मुदत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मापांत देतात आणि जे आधी पूर्ण होईल ते पाळावयास सांगतात. ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते, मोटार दारात उभी असली तरी.

याचे ठळक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाच्या एका मोटारीत सापडते. सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्यानिमित्त २००२ मध्ये त्यांना ‘फेरारी ३६० मॉडेना’ भेट मिळाली. तिच्या आयात शुल्कमाफीवरून झालेला वाद अनेकांच्या स्मरणात असेल. २०११ मध्ये ती सुरतेतील एका उद्योजकाने विकत घेतली. या मॉडेलच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो आणि तो साधारण तीन वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे, मग मोटार तीन हजार किलोमीटर चाललेली असो वा तीस हजार. चालत्या इंजिनात हा पट्टा तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचे अतोनात नुकसान होते. अशी मोटार घेणाऱ्याने मीटरच्या आधी पट्टा बदलल्याची पावती पाहावी.

शिक्का आणि पावती यांतही फरक आहे. शिक्का एवढेच सांगतो की मोटार कार्यशाळेत गेली होती. कोणते सुटे भाग बदलले, कोणत्या प्रतीचे तेल घातले, हे बिल सांगते. नोएडाच्या सेक्टर १६ सारख्या मोटारबाजारात चांगला मेकॅनिक मिळू शकतो. अधिकृत केंद्राबाहेर केलेली, पण बिलांनिशी सिद्ध होणारी सर्व्हिस मी कोऱ्या पानापेक्षा केव्हाही श्रेष्ठ मानतो.

आमच्या भागात आणखी एक चौकशी आवश्यक ठरते. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही ५.१२५ किलोमीटर लांबीची धावपट्टी २०११ मध्ये सुरू झाली आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन शर्यत झाली. हौशी मालकही तेथे आपापल्या मोटारी पळवितात. कमी किलोमीटरवरच ब्रेक पॅड, डिस्क आणि टायर बदलल्याची बिले आढळली, तर त्याचा अर्थ विचारून घ्यावा. मात्र धावपट्टीवर गेलेली मोटार सरसकट नाकारू नये. पुष्कळदा असा मालक तेल वेळेआधीच बदलतो.

विम्याचे कागदही बोलतात. सलग पाच वर्षे दावा नसेल तर नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचतो. मालक तोच असून बोनस शून्य दिसला, तर दावा कशाचा होता, हे विचारावे. परंतु शर्यत आणि वेगचाचणी सर्वसाधारण मोटार विम्यातून वगळलेली असते. त्यामुळे धावपट्टीवरील अपघात विम्याच्या नोंदीत बहुधा उमटत नाही. तेथे पत्रा आणि रंग तपासणाऱ्या जाणत्या डोळ्यांचाच आधार.

मीटर मागे फिरविल्याची शंका असेल तर आणखी एक उपाय आहे. पोर्शसारख्या काही मोटारींचा इंजिन नियंत्रण संगणक इंजिन किती तास चालले, याची नोंद ठेवतो. किलोमीटरला तासांनी भागले की सरासरी वेग मिळतो. आमच्या ग्राहकाच्या मोटारीतही ही नोंद मिळाली : सुमारे ९०० तास, म्हणजे ताशी साधारण २४ किलोमीटर. शहरी रहदारीत हे पटण्याजोगे आहे. मीटर खरे होते. मोटार खरोखरच तळघरात उभी राहिली होती.

त्यांनी स्वखर्चाने तपासणी करून घेतली. टायरवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात; चारही टायर २०१५ चेच निघाले. कूलंटच्या नळ्या तडकलेल्या, एका सीलमधून तेल झिरपणारे. दुरुस्तीचा अंदाज सव्वातीन लाखांचा. विक्रेता पाऊण लाखाहून अधिक सोडावयास तयार होईना.

कर्जाच्या दृष्टीने मोटारीचे वयही मोजावे लागते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई न करण्याचा आदेश झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरती राखण्यात आली. दिल्लीची मोटार नोएडात आणताना ना-हरकत प्रमाणपत्र, उत्तर प्रदेशातील नवी नोंदणी व कर, तसेच आधीच्या कर्जाची नोंद उतरविल्याचा दाखला ही कागदपत्रे ओघाने आलीच.

आमच्या ग्राहकांनी तो सौदा सोडला. माझ्यासमोर बसून फोनवरून नकार देताना त्यांचा चेहरा उतरला होता, हे नमूद केले पाहिजे. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. या खेपेची मोटार २०१६ ची, ४८,००० किलोमीटर चाललेली, पहिलीपेक्षा एक लाखाने महाग. सोबत एक जाडजूड फाईल होती. तीत दरवर्षीचे बिल होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर, मोटार जेमतेम चारशे किलोमीटर चाललेली असताना बदललेल्या तेलाचेही. कर्ज मंजूर झाले. फाईलच्या आतल्या बाजूस आधीच्या मालकाने पुढील ब्रेक ऑइलची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावरच आपल्या डायरीत उतरवून घेतली.