उत्पादकतेचा हिशेब (लेखांक ६) : चाराचे आठ माग

गेल्या लेखात श्रम उत्पादकतेचं सूत्र पाहिलं : तयार माल भागिले कामाचे तास. सूत्र सोपं आहे, पण ते कुठे फसवतं हे कळायला यंत्रमागाच्या शेडमध्येच उभं राहायला हवं. म्हणून आज इचलकरंजीला जाऊ. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे सगळं गावच मागावर उभं राहिलं.

साधा माग घेऊ. समजा, धोटा मिनिटाला १६० फेऱ्या मारतो. दर फेरीला एक पीक, म्हणजे एक आडवा धागा. कापड ५२ पिकाचं, म्हणजे इंचाला असे ५२ धागे. (इथली मजुरीसुद्धा ५२ पिकाच्या मीटरवर ठरत आली आहे.) माग न थांबता चालला तर तासाला ४.६९ मीटर कापड पडेल. पण माग थांबतो. आडव्या धाग्याची कांडी संपते, ताण्याचा धागा तुटतो, बीम बदलावं लागतं. पाळीचा ७५ टक्के वेळ माग चालला असं धरलं तर १२ तासांत एका मागावर ४२ मीटर, चार मागांवर १६८. एकच कामगार चार माग बघतो, म्हणजे त्याच्या एका तासाला १४ मीटर.

आता त्याच कामगाराकडे आठ माग दिले. इकडच्या टोकाला तो तुटलेला धागा शोधून गाठ मारतोय, तेवढ्यात तिकडच्या टोकाची कांडी संपते आणि तो माग त्याची वाट बघत उभा राहतो. चालू वेळ ६५ टक्क्यांवर येतो. तरी एकूण कापड होतं साधारण २९२ मीटर, म्हणजे तासाला २४.३. श्रम उत्पादकता ७४ टक्क्यांनी वाढली. पण एका मागामागे पाहिलं तर ४२ मीटरचे साडेछत्तीस झाले, १३ टक्क्यांची घट. शेड तीच, पाळी तीच. कामगाराने भागलं की चढ दिसतो, मागाने भागलं की उतार.

म्हणून सगळे घटक एकत्र घ्यायचे. कामाचे तास, विजेची युनिटं आणि यंत्रं यांची थेट बेरीज होत नाही, ती रुपयांत करावी लागते. आपला कारखानदार खर्चीवाला आहे असं मानू. सूत व्यापाऱ्याचं, याला फक्त विणकामाची मजुरी मिळते. त्यामुळे सूत हिशेबाबाहेर राहील. सोयीसाठी दर असे धरू : कामगाराचे पाळीला ८०० रुपये, दर मागाला विजेचे ४०, माग आणि शेडची झीज व व्याज मिळून ६०. चार मागांचा खर्च १,२००, आठांचा १,६००. शंभर रुपयांमागे आधी १४ मीटर, आता सव्वाअठरा. वाढ ३० टक्के.

दोन्ही वेळेला मी दर तेच ठेवले, हे मुद्दाम केलं. वीज महागली किंवा मजुरी वाढली तर तो बदल भावाचा आहे, उत्पादकतेचा नाही. भावातला बदल उत्पादकतेत धरण्याची चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या कागदांवरही पाहिली आहे. तुलना करायची तर दोन्ही वर्षं एकाच वर्षाच्या भावाने मोजा.

हाच हिशेब देशाच्या पातळीवर वाढीच्या दरांत मांडतात. खर्चातला वाटा हा प्रत्येक घटकाचा भार. आपल्या उदाहरणात श्रमाचा वाटा दोन तृतीयांश, आणि श्रमाचे तास वाढलेच नाहीत. वीज आणि माग दुप्पट झाले, त्यांचा वाटा एक तृतीयांश. म्हणजे घटक मिळून ३३ टक्क्यांनी वाढले आणि कापड ७४ टक्क्यांनी. १.७४ भागिले १.३३, उत्तर पुन्हा तेच १.३०. भारतात रिझर्व्ह बँकेच्या ‘क्लेम्स’ आकडेवारीत भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा असे पाच घटक धरून १९८०-८१पासून २७ उद्योगांचा असा हिशेब मिळतो.

घटकांनी न उलगडणारा हा जो उरलेला भाग, त्यावर रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली बोट ठेवलं. अमेरिकेत १९०९ ते १९४९ या काळात माणशी-तासाचं उत्पादन दुप्पट झालं, आणि त्या वाढीचा सात अष्टमांश भाग वाढीव भांडवलाने उलगडत नव्हता. सोलोंनी तो तांत्रिक बदलाच्या खात्यात टाकला. त्याआधी वर्षभर मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशा शिलकीला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. मला ते जास्त पटतं.

कारण आपल्या शेडमध्ये कोणतं नवं तंत्र आलं? माग तेच, धोटा तोच. घड्याळाचे बारा तासही तेच. वाढली ती कामगाराची चाल. चार मागांवर तो अधूनमधून कापडावर हात फिरवून पाहायचा, गाळा सुटला तर लगेच माग थांबवायचा; आठांवर त्याला तेवढी उसंत नाही. आपण श्रम तासांत मोजले, म्हणून त्याचं हे दुप्पट चालणं घटकांच्या रकान्यात कुठेच आलं नाही आणि सगळं ३० टक्क्यांत जाऊन बसलं. हे ३० टक्के मालकाच्या व्यवस्थापनाचं कौतुक म्हणून मजुरीवाढीच्या बैठकीत मांडले गेले, तर तो हिशेब खोटा आहे असं मी ठामपणे म्हणेन. तिथे निदान दोन आकडे आणखी लिहा : माणशी माग किती, आणि पाळीला धागे किती वेळा तुटले.

खर्चीवाल्याचं सूत बाहेर ठेवता आलं. जो स्वतः सूत विकत घेऊन कापड विकतो, त्याच्या हिशेबात सूतच सगळ्यात मोठा खर्च असतो. ते पुढच्या आठवड्यात.